कान असलेली बेल

माझा दीपेश मुंबईहून रोज फोटो पाठवायचा आणि विचारायचा, "आई, यातली कुठली बेल बसवू?" बेल दाराचीच, पण तिला कॅमेरा. पडवीत कोण आलं ते त्याला तिकडे मोबाइलवर दिसणार. बुरोंडीत मी एकटी राहते, म्हणून त्याच्या जिवाला घोर.

आता आमच्या वाडीत बेल वाजवतंय कोण? माणसं आधी पडवीत येऊन बसतात, मग हाक मारतात. पण मला चौकशा भारी. अंधारात दिसतं का? बाजूच्या अक्षयाचं अंगण दिसणार का? फोटो साठतात कुठे?

"कंपनीकडे," तो म्हणाला.

"आणि तिथे बघतं कोण?"

"कुणी नाही गं, आई."

मग ठेवतात कशाला, असं मनात आलं. शेवटी शेजारचं अंगण झाकता येईल अशी बेल आम्ही निवडली. मला वाटलं, आपल्यासारखी हुशार बाई नाही.

अक्षया माझ्या सुनेच्या वयाची. तिचा नवरा निलेश, दीपेशचा दोस्त, तोही मुंबईलाच. दुपारी सासूचा डोळा लागला की ती माझ्या पडवीत येऊन मन मोकळं करायची. त्या तासाभराची मी सकाळपासून वाट बघायची.

बेल बसली त्याच आठवड्यात दीपेशचा फोन आला. हसत होता. "आई, निलेशची बायको टेम्पो शिकतेय? मासळी स्वतः दापोलीला नेणार म्हणे. त्याला माहीत तरी आहे का?"

हे तर अक्षयाने मला पडवीत बसून सांगितलं होतं. डोळ्याची एवढी चौकशी केली, पण बेलला ऐकू येतं का, हे विचारायचंच राहिलं होतं.

"निलेशकडे बोललास तर याद राख," मी म्हटलं.

"नाही बोलत. आवाज बंद करून टाकतो, झालं?"

"बंद झाला हे मला इथं कसं कळायचं?"

"मी सांगतो ना," म्हणून त्याने फोन ठेवला.

लपवणं मला जमलं नाही. अक्षया आली तशी मी तिला सगळं सांगितलं. तिने वर बेलकडे बघितलं.

"काकी, लायसन हातात आल्यावर मीच सांगणार व्हते त्यांना. आधी कळलं तर शिकू देतील काय?"

चपला घालून ती निघून गेली आणि मग फिरकलीच नाही. मला घर खायला उठलं.

बेल काढावी, तर दीपेश काळजीने अर्धा होणार. मग एका सकाळी बांगडे साफ करायला परसदारी बसले आणि ध्यानात आलं. पुढचं दार पाहुण्यांचं, घरच्यांना मागचं. दोन परसांमधल्या दगडी गडग्यावरून हाक मारली, "अक्षया, ये गो. हिकडं भिंतीला कान नाय."

ती थोड्या वेळाने आली, स्वतःची विळी घेऊन. हळूहळू वाडीतल्या बाकीच्या बायकाही मागूनच यायला लागल्या. अक्षयाचं लायसन आलं, निलेशला तिनेच सांगितलं. तो थोडे दिवस फुगला आणि मग कुठला टेम्पो घ्यायचा ते विचारायला लागला.

काल दीपेशचा फोन आला. आवाज उतरलेला.

"आई, मी रोज बघतो. पडवी रिकामीच असते. आता तुझ्याकडे कुणीच येत नाही का गं?"

मागच्या पायरीवर बायका खिदळत होत्या.

"येतात रे," मी म्हटलं. "तू आलास की मागच्या दाराने ये. सगळी भेटतील."