मार्चमधली फरशी

मार्च महिना लागला की सरकारी कार्यालयात एक वेगळीच धांदल सुरू होते. वर्षभर कपाटात झोपलेल्या फायली अचानक टेबलांवरून पळू लागतात. "निधी शिल्लक आहे, एकतीस तारखेच्या आत संपवा!" हा एकच मंत्र सगळ्यांच्या तोंडी असतो. बनारसच्या गल्ल्या, नाल्या आणि घाटांच्या पायऱ्यांची कामं बघणारं असंच एक कार्यालय होतं आणि उल्हास तिथे इंजिनिअर होता.

उल्हासचं घर दुर्गाघाटावर. घराणं मूळचं महाराष्ट्रातलं, पण कित्येक पिढ्या काशीत मुरलेलं. त्याला सगळे पंडितजी म्हणायचे. त्याच्या प्रामाणिकपणाची गोष्ट कार्यालयाची कामं घेणारा मोहन ठेकेदार सगळ्यांना हसत हसत सांगायचा, "पंडितजी के यहाँ तो चाय भी अपनी जेब से पीनी पड़ती है!" ते खोटं नव्हतं. दिवाळीत कुणी मिठाईचा डबा आणला, तर उल्हास तो दारातूनच परत पाठवायचा. या गोष्टीचा त्याला मनातून अभिमानही होता.

त्या वर्षी मार्चमध्ये अठरा लाख रुपये उरले. बडे साहेबांनी उल्हासला बोलावून घेतलं. "पंडितजी, इस बार अपने मोहल्ले की गली ले लीजिए. नया पत्थर बिछवा दीजिए. काम भी हो जाएगा, पुण्य भी!"

गल्लीतली फरशी तशी बरी होती. पण नवा गुलाबी दगड छान दिसेल, आपल्याच लोकांची सोय होईल, असं उल्हासला वाटलं. 'फरशी जीर्ण झाली आहे' असं लिहून त्याने खर्चाचा अंदाज तयार केला. असं लिहिताना त्याचा हात अडखळला नाही. मार्चमध्ये सगळेच असं लिहितात!

घरी ही बातमी कळताच त्याची बायको वैदेही खूश झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. मोहनच्या माणसांनी जुन्या दगडांवर चुन्याच्या खुणा केल्या आणि ठेल्यांवरून आणलेला नवा दगड गल्लीच्या तोंडाशी रचून ठेवला.

त्याच आठवड्यात मंगला गौरीच्या देवळाजवळ मराठी मंडळाची बैठक होती. पाडव्याचा कार्यक्रम ठरवायचा होता. उल्हास मंडळाचा खजिनदार. तो फुलवाल्याशीसुद्धा घासाघीस करतो म्हणून सगळे त्याची थट्टा करायचे. बैठकीत कॉलेजात शिकणारा ऋतुराज उत्साहाने म्हणाला, "काका, गणपतीतले पैसे बचे हैं ना? मग एक बढ़िया साऊंड सिस्टम घेऊन टाकू या!"

"आपला स्पीकर बिघडलाय का?" उल्हासने विचारलं.

"बिघडला नाही. पण पैसे उरलेत ना!"

उल्हास ताठ बसला. "उरले म्हणजे उडवायचे? लोकांनी विश्वासाने दिलेली वर्गणी आहे ती. गरज नसताना त्यातला एक रुपयासुद्धा खर्च होणार नाही. बस!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋतुराजनेही हसून कान पकडले.

घरी परतताना उल्हासबरोबर बिंदुमाधव काका होते. काका पाठशाळेतले निवृत्त शिक्षक. तोंडात पान, हातात काठी आणि स्वभाव मिश्कील. गल्लीत शिरताच ते थांबले आणि काठीने एका दगडावर टकटक केलं.

"उल्हास, हा दगड बिघडलाय का रे?"

उल्हास हसला. "नाही काका, पण निधी उरलाय..." आपण काय बोललो, हे त्याच्या लक्षात आलं.

काका मिश्या चाचपत म्हणाले, "आत्ता बैठकीत तू काय छान बोललास! टाळ्या मी पण वाजवल्या."

"काका, ते वेगळं आणि हे वेगळं. सरकारात पैसे खर्च झाले नाहीत तर ते लॅप्स होतात."

"म्हणजे कुठे जातात? गंगेत?"

"गंगेत कसे जातील? सरकारी तिजोरीत परत जातात."

"मग चांगल्याच जागी जातात की!" काका मोठ्याने हसले. "त्यातून कुठल्या दवाखान्यात औषध येईल, कुठल्या शाळेवर छप्पर चढेल. इथे मात्र चांगला दगड उखडून त्याच जागी दुसरा बसणार."

उल्हासला ते लागलं. "काका, मी यातला एक पैसा खात नाही. तुम्हांला माहीत आहे."

"माहीत आहे रे. तू खात नाहीस," काका आता गंभीर झाले, "पण वाढतोस! पंगतीला बसत नाहीस, पण दुसऱ्याच्या कोठीतलं अन्न पळीपळीने वाढणारा वाढपी तूच ना? मंडळाला वर्गणी देणारे तुझ्या ओळखीचे आहेत, म्हणून त्यांचा पैसा तू जपतोस. सरकारचा पैसा कुणी दिला, ते तुला दिसत नाही. घाटावरचा नाववाला साबणाची वडी घेतो, त्यातही कर भरतो. त्याने तुला पावती मागितली नाही, म्हणून त्याचा पैसा बेवारस झाला का?"

उल्हास काकांना त्यांच्या दारापर्यंत सोडून घरी आला.

सकाळी तो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. इंजिनिअरच्या डोळ्यांनी त्याने गल्ली पहिल्यांदाच पाहिली. दगड पक्के होते. पाण्याचा उतार ठीक होता. फक्त वळणावरच्या नालीचं झाकण तुटलं होतं. तो तडक साहेबांकडे गेला.

"साहब, हमने लिखा था कि फर्श जर्जर है. वो ग़लत था. ये काम रोक दीजिए."

साहेब खुर्चीतून उठले! "पंडितजी, दिमाग़ ठीक है? बजट लैप्स हो जाएगा. अगले साल कटौती हुई तो जवाब कौन देगा?"

"हम देंगे, साहब. लिखकर देंगे."

साहेब संतापले आणि गल्ली स्वतः येऊन बघतो म्हणाले. काम अडल्याची बातमी त्यांच्याआधी गल्लीत पोहोचली. पूजेच्या सामानाचं दुकान चालवणारा श्रीराम दुकानातूनच ओरडला, "वाह पंडितजी! दुनिया की गली बनवाई, अपनी रुकवा दी!"

घरात वैदेही रुसून बसली होती. "अहो, मी सगळ्यांना सांगून बसले. आता तोंड कुठे दाखवू?" उल्हासने तिला काकांशी झालेलं बोलणं सांगितलं. तिने खिडकीतून खालच्या फरशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "खरं सांगू? नवा दगड कशाला हवा, हे मी पण कुणाला सांगू शकले नसते. चला, मी पण येते खाली."

साहेब आले तेव्हा गल्लीत गर्दी जमली होती. उल्हास सगळ्यांसमोर उभा राहिला. "भाइयो, एक बात बताइए. इस फर्श पर आपमें से कोई कभी फिसला है?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी श्रीराम डोकं खाजवत म्हणाला, "फिसले तो नहीं. हाँ, मोड़ पर ढक्कन टूटा है. उसमें हमारे एक गाहक का पैर चला गया था. उधारी का गाहक था, तब से आया ही नहीं!"

सगळी गल्ली खो खो हसली. साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी बुटाने दोन-चार दगड दाबून पाहिले, वळणावर जाऊन झाकण पाहिलं आणि म्हणाले, "तो ढक्कन बदलवाइए! बाकी पैसा वापस." मग उल्हासच्या कानाशी येऊन पुटपुटले, "पूरी नौकरी में पहली बार मार्च में पैसा लौटा रहा हूँ, पंडितजी."

मोहन ठेकेदाराने थोडी कुरकुर केली, पण दुसऱ्या वस्तीतली एक गल्ली खरोखरच फुटलेली होती. पुढे रीतसर मंजुरी घेऊन तो दगड तिकडे वापरला गेला.

पुढच्या वर्षी कार्यालयाचा निधी खरंच कमी झाला. साहेब चार दिवस उल्हासशी धड बोलले नाहीत. मग एका घाटाच्या पायऱ्या खचल्या आणि जादा पैशांची मागणी पाठवावी लागली. वरून फोन आला, "आप वही हैं ना, पैसा लौटाने वाले? तब तो ज़रूरत सच्ची होगी." आठवड्याभरात मंजुरी मिळाली! त्या संध्याकाळी साहेबांनी सगळ्या कार्यालयाला स्वतःच्या खिशातून कचोरी-जिलेबी खाऊ घातली आणि उल्हासनेही ती मनसोक्त खाल्ली.

वाचकहो, लाच न घेणं ही सचोटीची पहिलीच पायरी आहे. लोकांचा पैसा गरजेपुरता आणि योग्य जागीच खर्च करणं ही तिच्यापुढची पायरी, आणि ती चढताना आपलीच माणसं आधी रागावतात. म्हणून आपल्या गल्लीत चांगलं असलेलं काही उखडायला कुणी आलं, तर फुकटात नवं मिळतंय म्हणून गप्प बसू नका. "याची गरज काय?" असं हसून, पण ठामपणे विचारा. असं विचारणारे नागरिक जिथे असतात, तिथे अधिकाऱ्यालाही सरळ राहायला बळ मिळतं!