नाडीवाल्यांचं काळं कापड

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत त्या दिवशी एकही पाय बनत नव्हता. करवत बंद, भट्टी बंद, प्लास्टरच्या बादल्यांवर झाकणं. सगळी माणसं आतल्या छोट्या खोलीच्या दारात कोंबून उभी होती. कुबड्या टेकून आलेले रुग्ण, त्यांचे नातेवाईक, प्लास्टर कालवणारे मामा, आणि सगळ्यांच्या पुढे, हात जोडलेले मालक. खोलीत टेबलासमोर एक माणूस डोक्यावरून काळं कापड ओढून बसला होता, जुन्या काळचा फोटोवाला बसायचा तसा. कापडाखाली तो, कॉम्प्युटरचा पडदा आणि कीबोर्ड. बाहेर दिसत होती ती फक्त त्याची रुंद पाठ आणि बाजूला ठेवलेला मशीनचा खोका.

"कुणी वाकून बघू नका," कापडाखालून आवाज आला. "उघड्या डोळ्यांची नजर यंत्राला सोसत नाही."

मग त्याने चाचपडत खोक्याचं बटण दाबलं. मशीन बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि कापडाखालून टक टक टक टक असा भराभर आवाज येऊ लागला.

"जप," मालक कुजबुजले. "मणी ओढतायत."

त्या माणसाला सगळे नाडीवाले म्हणत. मशीनच्या वायरीवर दोन बोटं ठेवून, डोळे मिटून तो आधी मशीनची नाडी बघायचा, म्हणून. बऱ्याच वेळाने ते कापडाबाहेर आले. घामेजलेल्या कपाळावरून त्यांनी तळहात फिरवला आणि त्याच ओल्या हाताने खोक्याच्या डोक्यावर एक तांब्याची पट्टी ठेवली. महिनाभर एखाद्या घाण्यासारखा घरघरणारा पंखा जवळजवळ मुका झाला होता.

"ताप उतरला," नाडीवाले म्हणाले. "हात लावून बघा."

रांग लागली. एकेक जण खोक्याला हात लावून जात होता. "गार पडलं हो!" "अगदी गार!" एका बाईंनी तर खोक्यालाच हात जोडले.

"विजेला गाभ्यात अहंकार चढला होता," नाडीवाले सांगू लागले. "मी तिला नम्र केलं. क्वांटम शीतलीकरण म्हणतात याला. मोठमोठे शास्त्रज्ञ शोधतायत, पण त्यांना नाडीच सापडत नाही! आता ही पट्टी हलवायची नाही. हलवली की ताप परत. आणि त्या वेळी मी येईनच असं नाही."

दारामागे भिंतीला टेकून धाकटी उभी होती. ती नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बसली होती आणि थोरल्या बहिणीसोबत घरी जायला म्हणून आली होती. ताई इथे मापं घ्यायची, आराखडे करायची.

"ताई, क्वांटम म्हणजे काय ते विचार ना त्यांना."

"गप्प बस गं. माझी नोकरी आहे इथे."

ताईचं काम समजायला सोपं होतं, करायला अवघड. माणसाचा उरलेला पाय ज्या खोलगट भागात बसतो, त्याला इथे वाटी म्हणत. वाटी कुठे जाड हवी आणि कुठे पातळ, चालताना भार कुठे येईल, याचं लांबलचक गणित कॉम्प्युटर करायचा. ते गणित अर्ध्यावर आलं की मशीन तापून बंद पडायचं. दुरुस्तीवाल्याला बोलवा, असं ताईने मालकांना किती वेळा सांगितलं होतं. मालकांनी नाडीवाल्यांना आणलं.

आणि खरंच, त्यानंतर मशीन बंद पडलं नाही. ताईनेही सुटकेचा श्वास टाकला.

मग पोस्टमनकाकांचा पाय फुटला.

उभं आयुष्य दारोदार चालण्यात घालवलेला माणूस. अपघातात गुडघ्याखालून पाय गेला, तरी काठी न घेता चालायचं ठरवून बसलेला. नव्या पायावर ते चार दिवस चालले असतील नसतील, जिन्यावरून उतरताना वाटीला उभी चीर गेली आणि चिरेत कातडी चिमटली. ते बाकावर बसून पट्टी सोडत होते तेव्हा ताईचा डबा घेऊन आलेली धाकटी तिथेच होती. लालबुंद, सोललेली जखम, तिच्या कडेला पिवळा ओलावा. तिला मान फिरवावीशी वाटली. तिने ती फिरवली नाही.

मालकांनी जखमेकडे बघितलंच नाही. ते ताईकडे बघत होते.

"माप तुम्ही घेतलं होतं ना?"

"हो. पण माप बरोबर आहे, साहेब. मी पुन्हा तपासलंय."

"मग वाटी आपोआप फुटली का? मशीन तर आता शांत आहे. मी नाडीवाल्यांना फोन केला होता. ते म्हणाले, खोलीत कुणाचा तरी अविश्वास साठलाय, तो यंत्रात उतरतो. उद्या ते येतायत. त्यांनी तुमच्याबद्दल काही सांगितलं, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

हा शहाणासुरता, शिकलेला माणूस हे बोलत होता, आणि त्याच्या पायाशी एका माणसाच्या जखमेतून पाणी गळत होतं.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले तेव्हा ती ताईच्या खुर्चीत बसली.

"काकांचं गणित परत चालव."

"चालवलंय की. त्यावरूनच तर वाटी केली."

"तेच परत चालव. काही न बदलता."

ताईने चालवलं. उत्तर आलं. पुन्हा चालवलं. उत्तर आलं, पण वेगळं. पोटरीच्या मागच्या बाजूला आधी वाटी जाड सांगितली होती, आता पातळ. ताईचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा झाला.

"अगं, म्हणजे हे मशीन..."

"एकच प्रश्न, दोन उत्तरं. अविश्वास साठलाय खरा, पण तो पुरेसा नाही साठलेला," धाकटी म्हणाली. "ताई, तो जप आठव. टकटक कधी सुरू झाली? मशीन पुन्हा सुरू होताक्षणी, बरोबर? मण्यांना त्या क्षणाची काय गरज?"

तिने मशीन बंद करून सुरू केलं आणि डिलीटची कळ भराभर दाबत राहिली. टक टक टक टक. तोच आवाज, तीच लय. पडद्यावर नेहमीचं चित्र न येता मूळ सेटिंगचं निळं पान उघडलं. त्यात एक ओळ प्रोसेसरच्या गाभ्याला मिळणाऱ्या व्होल्टेजची होती. तिथे कारखान्याने ठेवलेली 'ऑटो' ही सेटिंग नव्हती. तिथे उणे चिन्ह लावून एक आकडा भरला होता.

"हा त्यांचा क्वांटम," धाकटी म्हणाली. तिला हसू यायला हवं होतं. आली ती किळस.

दुसऱ्या दिवशी दारात पुन्हा तीच गर्दी. नाडीवाल्यांनी वायरीवर बोटं ठेवली, डोळे मिटले आणि ओठ ओले करत म्हणाले, "हं. कुणीतरी शंका घेतलीय. स्त्री आहे."

सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या.

"मी घेतली," धाकटी पुढे आली. "तुमचं कापड जरा देता का? मलाही नाडी बघायचीय."

"पोरी, हा खेळ नाही. साधना लागते. भाजशील."

"साहेब, हिला बाहेर..." नाडीवाल्यांनी म्हणताच मालकांनी कुणाला तरी खूण केली.

"करू दे तिला," बाकावरून पोस्टमनकाका म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "पाय माझा फुटलाय. मला बघायचंय."

मालकांनी खुणेचा हात खाली घेतला. धाकटीने टेबलावरचं काळं कापड डोक्यावर ओढून घेतलं. आतमध्ये दुसऱ्याच्या घामाचा आंबूस वास कोंदला होता. तिने श्वास रोखला, मशीन पुन्हा सुरू केलं, टक टक टक टक. मग गणित चालू करून ती बाहेर आली. थोड्याच वेळात पंखा किंचाळायला लागला आणि खोका तापला.

"ताप आला!" मामा ओरडले. "अहो, पट्टी तर जागेवरच आहे!"

"आता उतरवते." तिने तांब्याची पट्टी उचलून बाजूला ठेवली. गर्दीतून "अरे अरे" असा आवाज आला. पट्टीच्या जागी तिने प्लास्टरच्या बादलीचं झाकण ठेवलं आणि पुन्हा कापडाखाली गेली. टक टक टक टक. गणित पुन्हा चालू झालं, आणि या वेळी पंखा कुरकुरून शांतावला. मामांनी भीतभीत खोक्याला हात लावला.

"गार होतंय की गं! झाकणाने?"

"झाकणाने नाही, मामा. पट्टीनेही नाही." तिने कापडाचा बोळा करून खुर्चीवर टाकला. "आता तेच करते. फक्त उघड्यावर. सगळे पुढे या. नजर लागली तर लागू दे."

त्या निळ्या पानासमोर माणसं दाटीवाटीने वाकली. कळ कोणती, ओळ कुठली, उणे चिन्ह कुठे, हे तिने बोट ठेवून दाखवलं.

"प्रोसेसरला वीज कमी दिली की तो कमी तापतो. यात चमत्कार नाही. जाणकार लोक हे रोज करतात. थोडं कमी करतात, मग मशीनकडून अवघड गणितं पुन्हा पुन्हा करून घेतात, आणि एक जरी उत्तर चुकलं तरी मागे येतात. यांनी काय केलं? पंखा मुका होईपर्यंत वीज तोडली आणि निघून गेले. उत्तर कुणी तपासलंच नाही."

"पण बंद तर नाही ना पडलं!" मालक म्हणाले.

"पडलं असतं तर बरं झालं असतं, साहेब. हिशेब करणाऱ्या माणसाला अर्धपोटी ठेवून त्याच वेगाने बेरजा करायला लावल्या तर काय होईल? तो गार राहील, शांत राहील, तक्रार करणार नाही. आणि मधूनच हातचा विसरेल. आतल्या सूक्ष्म कळांना वेळेत उलटायला पुरेशी वीज लागते. नाही मिळाली, की एकाच्या जागी शून्य. ते शून्य काकांच्या पोटरीत रुतलं."

तिने गणित सगळ्यांसमोर दोनदा चालवलं. दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. ती वेगळी आहेत हे कळायला पदवी लागत नव्हती.

मग नाडीवाले घसा खाकरून म्हणाले, "विज्ञानाला मर्यादा आहेत, बेटा. मी जे दिलं ते श्रद्धेने..."

"तुम्हाला ती ओळ माहीत होती," धाकटी म्हणाली. "याचाच मला वीट येतो. तुम्ही अडाणी असता तर गोष्ट वेगळी. कळ माहीत, ओळ माहीत, उणे केलं की थंड होतं हेही माहीत. एवढं चांगलं ज्ञान, कुणालाही पाच मिनिटांत शिकवता आलं असतं. तुम्ही ते कापडाखाली झाकलंत आणि वर ताईचं नाव पुढे केलंत."

"मूळ ताप कशाने आला होता मग?" नाडीवाले उसळले. "ते सांग की!"

"स्क्रू काढा, मामा."

मामांनी खोक्याची एक बाजू उघडली आणि सगळे आत डोकावले. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये प्लास्टरची भुकटी खच्चून भरली होती, दमट होऊन घट्ट बसलेली, जुन्या लोकरी नमद्यासारखी. मामांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत पांढरे. खोलीतल्या प्रत्येकाचे केस पांढरे, भुवया पांढऱ्या, चपला पांढऱ्या. रोज नाकातोंडात जाणारी धूळ मशीनच्या नाकात जात असेल, हे इतक्या दिवसांत एकालाही सुचलं नव्हतं.

"आणि वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायची," धाकटी म्हणाली. "त्या जाळीवर तांब्याची पट्टी. सर्दी झालेल्या माणसाचं तोंड दाबावं तशी."

मामा हसले, मग दोघेतिघे हसले, आणि त्या हशात नाडीवाले पट्टी खिशात घालून कधी निघून गेले ते कुणी पाहिलं नाही. कापड मात्र खुर्चीवरच राहिलं.

मामांनी ब्रशने पाती साफ केली. धाकटीने व्होल्टेज पुन्हा ऑटोवर ठेवलं. पंखा फिरत राहिला, खोका कोमट झाला, मशीन बंद पडलं नाही. गणित दोनदा चालवलं. एकच उत्तर. ताईने ते न बोलता तिसऱ्यांदा चालवलं. तेच.

मालक खोक्याजवळ आले. मग हळूच म्हणाले, "सगळं पटलं. पण... दुसरी एखादी पट्टी आणून नुसती बाजूला ठेवली तर चालेल ना? तेवढंच मनाला..."

काही माणसांच्या डोक्यावरचं कापड बाहेरून ओढून काढता येत नाही, हे धाकटीला त्या क्षणी कळलं, आणि त्या दिवसातली सगळ्यात मोठी शिसारी तिला तेव्हा आली.

उत्तर दिलं ते पोस्टमनकाकांनी. "साहेब, तुमच्या मनाचं तुम्ही बघा. माझ्या पायाचं गणित मात्र या दोघी दोनदा करतील. आणि या ताईंना कामावरून काढायचं तुम्ही बोलला होतात, ते आत्ता सगळ्यांसमोर मागे घ्या."

मालकांनी घेतलं. पुटपुटत, जमिनीकडे बघत, पण घेतलं.

वाचकहो, अवघड काहीच नाही यात. कुणी म्हणालं 'बघू नका', तर तिथेच बघा. कुणी म्हणालं 'हात लावून बघा', तर हात लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. गार लागतं म्हणजे बरोबर आहे असं नाही. एकच प्रश्न पुन्हा विचारा, आणि उत्तर बदललं तर सांगणाऱ्याच्या भक्तीत न पडता खोका उघडा.

जखम भरल्यावर काका नव्या वाटीवर जिना उतरून आले तेव्हा ताई मशीन पुसत होती. हातात तेच काळं कापड. त्यावर पांढरी धूळ फार स्वच्छ दिसते.