खोकल्याची पुडी

खेडच्या डॉक्टर मुकादमांच्या पुडीवर औषधाचं नाव नसतं. खोकला, ताप, कंबरदुखी आणि बोर्डाच्या परीक्षेची धास्ती, सगळ्यांना एकच पांढरी पूड मिळते, जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधून. आत काय आहे असं कुणी विचारलंच, तर डॉक्टर म्हणतात, "नाव कळला की गुण जातो."

नूरबानू दर सुट्टीत गावाहून मस्कतला परतताना या पुड्या सुक्या बोंबलांच्या पिशवीत खुपसून आणायची. एकदा कस्टमवाल्यानं ती पिशवी उघडली होती. मग त्यानं तोंड फिरवून, हातानंच जा जा केलं.

त्या हिवाळ्यात मस्कतमधल्या अल हैलच्या तिच्या घरात हेद्विका आली. ती आली अर्बाबच्या शब्दावर. नूरबानूचा नवरा महमूद, त्याचं शहरातल्याच गाला भागात एसी दुरुस्तीचं वर्कशॉप. अर्बाब म्हणजे त्याचा ओमानी मालक, ज्याच्या सहीवर या घराचा व्हिसा उभा. अर्बाबचा मेहुणा टेनिस क्लबात होता, तिथं बायकांची छोटी स्पर्धा होती आणि स्वस्तातली हॉटेलं भरली होती. "महमूद, एक मुलगी तुझ्या घरी. यल्ला, लवकर." महमूद हो म्हणाला. अर्बाबनं उंट पाठवला असता तरी तो हो म्हणाला असता. फक्त हॉलमधला सोफा हलवावा लागला असता.

हेद्विका सतरा वर्षांची, चेक देशातली, एकटी. प्रोफेशनल म्हणून तिचं हे पहिलंच वर्ष. प्रोफेशनल म्हणजे काय, ते उमामाला त्या आठवड्यात कळलं. उमामा या घरातली मुलगी, हेद्विकाहून वर्षानं लहान, इंडियन स्कूलमध्ये अकरावीला. प्रोफेशनल म्हणजे स्वतःचे मोजे बेसिनमध्ये धुणं, आईला फोनवर "मी मजेत" सांगणं, आणि हरलं की त्याच संध्याकाळी पुढच्या देशाचं विमान शोधणं. इजिप्तमध्ये ती पहिल्याच फेरीत हरली होती. ट्युनिशियातही. जगात तिचा नंबर आठशेच्या पुढं कुठंतरी होता.

"आठशे?" नूरबानू म्हणाली. "सगल्या दुनयेत? मग हुशार हाय गो पोर. माझा तर ह्या गल्लीतपन नंबर नाय."

हेद्विका बिनमिठाचा पास्ता उकडून खायची. नूरबानूला तो स्वतःचा अपमान वाटायचा. दोघींमध्ये उमामा बसायची, इकडचं इंग्रजी तिकडं आणि तिकडची कोकणी इकडं करत. तिची कोकणी लंगडी होती, पण पाहुणीपुरती चालायची.

आणि हेद्विका जिंकायला लागली. पात्रता फेरी, पहिली, दुसरी, उपांत्यपूर्व. महमूद वर्कशॉप सोडून मॅच बघायला जाऊ लागला. त्याला स्कोअर कळत नव्हता. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या की तो थोड्या उशिरानं वाजवायचा, त्यामुळं त्याच्या टाळ्या नेहमी समोरच्या खेळाडूला मिळायच्या.

उपांत्य फेरीच्या आदल्या दिवशी वारा सुटला, वाळू उडाली, आणि हेद्विकाच्या छातीत खोकला बसला. नूरबानूनं पुडी काढली.

"अम्मी, ती नाही घेत," उमामा म्हणाली. "कुठलीच मेडिसिन. रूल आहे त्यांचा. आधी चेक करावं लागतं, आत काय काय आहे ते."

"मी काय जहर देतंय?"

"जहर चेक करायला सोपं असतं, अम्मी. ह्याचं तर नावपण नाही."

नूरबानूनं पुडी मुठीत घेतली. माझ्या घरात पोर खोकतेय आणि मी रूल बघू? उमामा लहानपणी औषध थुंकायची, तेव्हा जे केलं तेच तिनं केलं. दुधात खजुराचा पाक घातला, पुडी ढवळली, आणि पेला त्या मुलीच्या हातात दिला. संध्याकाळी एक, सकाळी एक. फायनलच्या सकाळी आणखी एक. हेद्विका शेवटचा घोट घेऊन म्हणाली, माझी आजी असंच दूध द्यायची.

खोकला गेला. ती उपांत्य जिंकली, मग फायनल. आयुष्यात जिंकलेली पहिली स्पर्धा. बक्षीस म्हणून चांदीचा खंजर मिळाला. तो हातातल्या बॅगेत चालणार नव्हता आणि दुसरी बॅग रॅकेटींनी भरलेली, म्हणून तिनं तो नूरबानूच्या शोकेसमध्ये ठेवला. "पुढच्या वर्षी नेईन." फायनलनंतर एक बाई तिच्यासोबत बाथरूममध्ये गेली, लघवीचा नमुना घ्यायला.

"आत उभी राहून बघते?" नूरबानूनं डोळे विस्फारले. "या अल्ला! बाई शिकलेली हाय ना?"

काही आठवड्यांनी उमामाच्या फोनवर निरोप आला. नमुन्यात स्टिरॉइड सापडलं होतं. हेद्विकाचं खेळणं थांबवलं होतं. ते शरीरात कुठून आलं हे दाखवता आलं, तर सुटका होऊ शकत होती. नाही तर दोन वर्षं. तिनं शपथेवर लिहून दिलं होतं की मी काहीही घेतलेलं नाही. खरं बोलल्यामुळंच ती आता खोटी ठरत होती. तुझ्या आईला विचारशील? घरात सगळ्यांनी तेच खाल्लं ना?

उमामानं विचारलं. नूरबानू खाली बसली आणि दुधाचं सांगितलं.

महमूदनं आधी डॉक्टर मुकादमांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "कसली पुडी? मी तर हल्ली नुसता सल्ला देतो," आणि फोन ठेवला. मग महमूद बायकोकडं वळला. "चिठ्ठी नाय, नाव नाय, बोंबलात लपवून आनलेली दवा! पोलीस काय तुझी दुवा घेतील? अर्बाबच्या मेहुण्याच्या स्पर्धेत! व्हिसा खलास, वर्कशॉप खलास. उमामाची बारावी खेडात कर."

"पोरीची जिंदगी हाय ती."

"आनि ही?" त्यानं उमामाकडं बोट दाखवलं. "ही शोकेसमधली हाय काय?"

तरी नूरबानूनं ठरवलंच होतं. वकिलाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिनं नवा दुपट्टा घेतला आणि लॅपटॉपसमोर ताठ बसली. पडद्यावर वकील, आणि बाजूला हेद्विका, केस कापलेले. वकिलानं इंग्रजीत विचारलं: तुम्ही तिला कसलं औषध दिलं होतं का?

उमामानं प्रश्न आईला सांगितला. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या कोपऱ्यात महमूद उभा होता.

नूरबानूनं सगळं सांगितलं. पुडी, दूध, खजुराचा पाक, तिन्ही पेले. "सांग तिला, गुन्हा माझा हाय. मना माफ कर म्हनावा. जे लिहायचं ते लिवा." ती रडत होती, पण एक शब्द गाळला नाही.

उमामानं बापाकडं पाहिलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त हात जोडले होते, मुलीला.

"माय मदर इज व्हेरी सॉरी," उमामा घडाघडा इंग्रजीत बोलू लागली. "तुझा त्रास बघून तिला रडू येतं. ती तुझ्यासाठी रोज दुवा करते. पण तू आमच्यात जेवलीस, आम्ही खाल्लं तेच खाल्लंस."

नूरबानूला एवढ्या बोलण्यातला 'सॉरी' तेवढा कळला. तिनं जोरात मान हलवली. हो, तेच.

वकील आणखी काही विचारणार होता. हेद्विकानं त्याला थांबवलं. "पुरे. त्यांना रडवू नका. त्यांनी मला आईसारखं सांभाळलं." मग तिनं पडद्याजवळ येऊन नूरबानूला हात हलवला आणि हसली.

कॉल संपला. नूरबानूनं डोळे पुसले. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी हलका झाला होता.

"बघितलास? एका शब्दानं रागावली नाय. एवढा सगला ऐकून हसली! मोठ्या मनाची पोर." महमूदनं पंखा वाढवला आणि तो वर्कशॉपला निघून गेला.

दोन वर्षांची शिक्षा झाली. हेद्विकाचा नंबर आठशेवरून घसरत घसरत यादीतूनच गेला. आता ती तिकडं आपल्या गावातल्या गोदामात खोकी भरते, आणि ईदला उमामाला न चुकता शुभेच्छा पाठवते. उमामा अंगठा पाठवते.

शुक्रवारी नूरबानू शोकेस पुसते. पुड्या तिनं कधीच कचऱ्यात टाकल्या. खंजर मात्र ती लिंबू लावून चकाकवते, कारण तो न्यायला पोर येणार आहे.

"खरं सांगितल्याचा फायदा झाला ना गो?" ती विचारते. "सुटली असेल ना ती? खेळते ना आता?"

"इन्शाल्ला, अम्मी," उमामा म्हणते, आणि खंजराचं म्यान धरायला मदत करते.