चौऱ्याण्णववर उकळणारं पाणी

मी चौथ्या टेबलावरचा थर्मामीटर बोलतोय. बोलतोय ते खरं आहे, दाखवतो ते खोटं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर नंतर तुम्ही म्हणाल, फसवलं.

चूक माझी नाही. कारखान्यात माझ्या अंगावर रेघा आखणाऱ्या कारागिराला ऐन वेळी शिंक आली. शिंक म्हणजे कशी, तर छपरावरची कबुतरं उडाली ती अजून परतलेली नाहीत. त्या धक्क्यानं माझ्या सगळ्या रेघा सहा अंश सरकल्या. पाणी शंभरला उकळत असतं आणि मी आपला चौऱ्याण्णववर समाधानी असतो.

अशा गुणी उपकरणाला विद्यापीठात नोकरी न मिळती तरच नवल. इथे माझं छान चाललं होतं. मुलं मला पाण्यात बुडवायची, चौऱ्याण्णव वाचायची आणि शंभर लिहायची. सर वर्गात सांगायचे, "विज्ञानात ऐकीव चालत नाही, डोळ्यांना दिसेल तेच लिहा." आणि शंभरवर बरोबरची खूण करायचे. वर्षानुवर्षं कोणाचं काही अडलं नाही.

मग आमच्या टेबलावर ती आली. ख्रिस्ती घरातली. वर्गानं पहिल्याच आठवड्यात 'पास्टरबाई' नाव ठेवलं. प्रयोगाआधी ती डोळे मिटून प्रार्थना करायची, तेवढ्यात तिचा जोडीदार बर्नर बारीक करून ठेवायचा. त्याला सगळे तोफ्या म्हणायचे, कारण हळू बोलणं त्याच्या घराण्यात कोणाला जमलेलं नव्हतं.

पाणी तापेपर्यंत दोघांचं भांडण.

"देव आहे तर दिसत का नाही?"

"तुझी अक्कल तरी कुठे दिसते? आम्ही आहे असं धरून चालतोच ना."

"रविवारी भल्या सकाळी उठून उपासनेला जातेस, तेवढ्यावरून मात्र चमत्कार होतात असं मानायला मी तयार आहे."

ती एकही वाद हरली नाही. येशूच्या बाजूनं, सत्याच्या बाजूनं, तिन्ही त्रिकाळ तयार. आणि सत्याचा विजय झाला, पाणी उकळलं, की बाईसाहेब वहीत सुबक अक्षरात शंभर लिहायच्या. मला काय, मी गार होऊन स्टँडवर पडून राहायचो.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षा आली. तिला पहिला वर्ग हवाच होता. तो मिळाला तरच वसतिगृहातली खोली राहणार होती. घरी परत जावं तर तिच्या पलंगावर मावशीनं कायमचा मुक्काम ठोकलेला, आणि तिथून विद्यापीठात यायचं तर दोन बस. म्हणून घाईघाईत तिनं शंभर लिहून टाकलं.

तोफ्या तिच्या वहीवर वाकला. "पास्टरबाई, पाणी अजून कोमट आहे. न बघता विश्वास ठेवायचा म्हणतात, तो हाच का?"

तिची कानशिलं माझ्याआधी तापली. तिनं शंभर खोडलं. पाणी खळखळेपर्यंत थांबली, मला वाचलं आणि चौऱ्याण्णव लिहिलं.

"अगं ए, चेष्टा केली मी. शंभर लिही. खोली जाईल तुझी."

"चेष्टेत का होईना, खरं बोललास."

सर आले. "चौऱ्याण्णव? कुठल्या ग्रहावरचं पाणी आहे हे?"

"पाणी इथलंच आहे, सर. थर्मामीटर चुकीचा आहे. दुसरा मिळेल का?"

"परीक्षेत उपकरण बदलून मिळत नाही. वर्षभर कसं शंभर येत होतं तुझं?"

"वर्षभर खोटं लिहिलं, सर."

सरांना हे उत्तर सोयीचं नव्हतं. मी खोटा ठरलो असतो तर त्यांच्या बरोबरच्या खुणांचं काय झालं असतं? ते तोफ्याकडे वळले. "तू किती वाचलंस?"

तोफ्यानं छताकडे पाहिलं. माझा आकडा तिथे लिहिलेला असावा. "शंभर, सर."

आता ही बोलणार, म्हणून मी पारा आवरून बसलो. पण तिनं मला फडक्यानं पुसलं, स्टँडवर ठेवलं आणि निघून गेली. तिचे गुण कापले गेले. पहिला वर्ग गेला, त्यामागोमाग खोली.

निकालानंतर ती उसनी भांडी परत करायला प्रयोगशाळेत आली. तोफ्या दाराशी घुटमळत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज खाली होता.

"भांड ना एकदा."

"कशाला?"

"मी खोटं बोललो."

"माहीत आहे."

"मग बोल की काहीतरी. तुमच्यात ती क्षमा वगैरे असते, तीच चाललीय का माझ्यावर?"

"प्रयत्न करतेय. मध्ये मध्ये बोलू नकोस, आधीच जड जातंय."

तोफ्या आत आला. मग त्यानं बर्नर पेटवला, पाणी उकळवलं आणि मला त्यात बुडवून थेट सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "सर, मीपण चौऱ्याण्णवच वाचलं होतं."

सरांनी चष्मा पुसला. मग न्याय झाला. तिचे गुण परत मिळाले नाहीत, कारण निकाल लागून गेला होता. तोफ्याचे मात्र तत्परतेनं कापण्यात आले, त्याला निकालाची आडकाठी आली नाही. माझ्या गळ्यात 'सदोष' अशी चिठ्ठी बांधली आणि रवानगी या खणात. खरेपणाचा फायदा कोणाला झाला म्हणाल, तर चिठ्ठी आणि दोरा विकणाऱ्याला.

दोघं अजून चौथ्या टेबलावरच येतात. खणातून सगळं ऐकू येतं. तोफ्याचा देवावर आजही विश्वास नाही, हे तो मोठ्यानं सांगत असतो. परवा मात्र त्यानं विचारलं, "दोन दोन बस बदलून येतेस. पश्चात्ताप होत नाही?"

"होतो की. दुसऱ्या बसमध्ये. पहिलीत बसायला जागा मिळते."

तेव्हा माझी एकच विनंती आहे. मला भंगारात टाकू नका. परीक्षेच्या दिवशी चिठ्ठी सोडा आणि मला एखाद्या टेबलावर गुपचूप ठेवून द्या. पाण्याचं तापमान मला कळत नाही हे सिद्धच झालंय, पण माणसांच्या बाबतीत माझा आकडा अजून एकदाही चुकलेला नाही.