सात नंबरचा चेस्टनट

काचघरातला पंखा सुरू झाला की निहारिकाला विनयचा खोकला ऐकू यायचा. विनय तिचा लॅबमधला सीनियर. जानेवारीत कोविडनं गेला. मे उजाडला तरी खोकला काही जाईना. वेडगळपणा आहे हे तिलाही कळत होतं, पण कळून उपयोग काय?

डब्लिनमधल्या त्या कुलूपबंद काचघरात चेस्टनटची बारा रोपं होती. साल कुजवून झाड मारणारी केशरी बुरशी प्रत्येकाच्या खोडात मुद्दाम घातली होती. अकरा मेली. सात नंबरची जखम मात्र भरून आली. रोगाला पुरून उरणारं झाड सापडलं म्हणून विनय अक्षरशः नाचला होता. आता त्याची बायको वैदेही सातचं एक कलम ओंगार या उपनगरातल्या आपल्या घरासमोर लावून खाली त्याच्या नावाची पाटी बसवणार होती.

घोडं अडलं होतं निहारिकाच्या मनात. बुरशी घातली होती तिनं. गेल्या जूनमध्ये एका वेळी एकालाच आत परवानगी, म्हणून विनय घरून व्हिडिओ कॉलवर सांगत होता. मास्कच्या वाफेनं तिचा चष्मा धुरकटलेला. शेजारी दुसरी डिश होती, विषाणूनं लुळी पडलेल्या पांढऱ्या बुरशीची. पांढरी झाडाला मारत नाही. उलट केशरीला भेटली तर तिलाही लुळी करते. सातला नक्की कोणती लागली?

शेवटी तिनं चष्मा स्वच्छ पुसला आणि सातच्या एका निरोगी कलमाला केशरी लावली. पाच आठवड्यांत कलम वाळून गेलं.

ती तडक ओंगारला गेली. "ताई, ते झाड लावू नका. सात रेझिस्टंट नाहीये. मी चुकून पांढरी लावली होती."

वैदेहीनं चहाचा कप खाली ठेवला. "मला माहीत होतं."

"काय?"

"हॉस्पिटलमध्ये त्यानं त्या कॉलचं रेकॉर्डिंग पाहिलं. ऑक्सिजन लावलेला, तरी म्हणाला, 'निहारिकाला सांग, सातला पांढरी लागलीय.' त्यानंतर धड बोललाच नाही."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"त्याच्या नावाचं काहीतरी जिवंत राहावं असं वाटलं गं."

निहारिकाला आधी संताप आला. पाच महिने तिची झोप उडाली होती. मग वैदेहीकडे बघून रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं वहीत सातपुढचा 'रेझिस्टंट' शब्द खोडला आणि 'पांढरी' लिहिलं. पंखा सुरू झाला. विनय खोकला.

"हो रे," ती म्हणाली, "मिळाला निरोप."