तळहाताखालचं बोलणं

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. तबकडी फिरवून नंबर लावायचा तसला, काळा आणि वजनदार. हल्लीच्या मुलांना मी खेळण्यातला वाटतो, वाटू दे. कारखान्यातून निघालो तो थेट या घराच्या बैठकीत आलो. तेव्हा माझा काय थाट होता! आई मला रोज पुसायची, माझ्याखाली विणलेला रुमाल घालायची.

माझं खरं काम असायचं रविवारी. आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, दूरच्या शहरातून फोन करायची. तिचा मुलगा आणि आईची लेक, आमची चिमणी, एकाच वयाचे. त्यामुळे बोलणं फिरून फिरून तिथंच यायचं, कोण कितवा आला आणि कुणाला बक्षीस मिळालं. मावशीचा मुलगा वरचढ ठरला की आई माझ्या तोंडावर तळहात दाबून चिमणीला विचारायची, "तुला किती?" उत्तर ऐकून तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मग हात काढून ती हसतहसत मावशीला चार मार्क वाढवून सांगायची. मला दोन्ही ऐकू यायचं. काय करणार, मिठाची गुळणी धरून बसलो.

मुलं मोठी झाली. मावशीचा मुलगा इंजिनिअर झाला, आमची चिमणी बेकरीत पाव भाजू लागली. आवडीनं, बरं का! कामावरून येऊन तिनं मला उचललं की तिच्या बोटांचं पीठ मला लागायचं. तिच्या हातच्या पावासाठी लोक ताटकळत उभे राहायचे. आईसाठी ती रोज एक गरम पाव आणायची. आई तो चवीनं खायची आणि रविवारी मावशीला सांगायची, की चिमणी मोठ्या ऑफिसात साहेब झाली आहे.

एका रविवारी फोन चिमणीनं उचलला. मावशीनं कौतुकानं विचारलं, हाताखाली माणसं किती, ऑफिसची गाडी न्यायला येते का. आई स्वयंपाकघरातून धावत आली होती. चिमणी तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही खरं सांगून टाकणार.

"बरं चाललंय, मावशी," ती म्हणाली. मग तिनंही माझ्या तोंडावर तळहात ठेवला.

"अजून काय काय सांगितलंयस ते एकदा सांगून ठेव, आई. माझ्याकडून चुकायला नको."

आईनं रिसीव्हर घेतला आणि तेव्हाही खरं सांगितलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं.

चिमणी आता दुसऱ्या गावी राहते. मला तर आता कुणी पुसतही नाही. मित्रांनो, मला अडगळीत टाकलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या आईबाबांना माझा एक निरोप द्या: मूल आपणहून खरं सांगतंय, तोवरच ते मनापासून ऐकून घ्या.

चिमणीचा फोन आला की आई हल्ली सगळं विचारते. हात भाजत नाहीत ना गं, पाव कसले करतेस, दमतेस का. चिमणी म्हणते, "बरं चाललंय, आई." अगदी मावशीला म्हणाली होती, त्याच आवाजात.