दीड इंच माया

"श्वास सोडा, साहेब. पोट आत ओढून माप दिलंत, तर पँट श्वास रोखूनच घालावी लागेल."

बँकेतल्या कर्ज विभागाच्या साहेबांनी श्वास सोडला आणि टेलरमास्तरांच्या हातातली टेप दोन बोटं पुढे सरकली. साहेबांची कंबर दरवर्षी नेमाने वाढे. खात्रीची म्हणावी अशी तेवढीच एक वाढ मास्तरांनी पाहिली होती.

पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. दोन्ही खोल्या भाड्याच्या, आणि घरमालक आता त्या विकायला निघालेला. "पहिला मान तुमचा, मास्तर. महिनाअखेरपर्यंत थांबतो," असं तो म्हणाला, म्हणून मास्तरांनी साहेबांच्या बँकेत गृहकर्जाचा अर्ज टाकला होता. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या बायकोने भिंतींचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

"शिवणीत माया आहे ना अजून?" साहेबांनी विचारलं.

"दीड इंच. आत जास्तीचं कापड दडवल्याशिवाय मी शिवतच नाही. माणूस जाड व्हायचाच."

"हं. मास्तर, तुमच्या अर्जाचं काही जमत नाही."

टेप कंबरेवरच राहिली.

"का हो? कमाई दाखवली की सगळी. खरी दाखवली म्हणून का?"

"तुमच्या नावावर आधीच एक कर्ज आहे. सगळे हप्ते मिळून निम्म्या कमाईच्या आत बसावे लागतात. त्यातला मोठा लचका ते कर्जच तोडतंय. उरलेल्यात घर येत नाही. फार तर दार येईल."

"कसलं कर्ज?" बायकोने विचारलं. सुई काजात तशीच होती.

मास्तर साहेबांच्या कंबरेकडे बघत बोलू लागले. "शेअरसाठी घेतलेलं. तुझा भाऊच म्हणाला होता ना, वर्षात दुप्पट."

"शेअर घेतले ते मला माहीत आहे. साठवलेल्या पैशांतून घेतले म्हणालात."

"साठवलेले कमी पडत होते. म्हटलं, घरासाठी आधी भरायची रक्कम तेवढ्यात उभी राहील."

मेहुण्याने स्वतः एकही शेअर घेतला नव्हता. त्याचा विश्वास मुख्यतः दुसऱ्याच्या पैशावर होता.

"मग विका ते शेअर आणि कर्ज मिटवा," साहेब म्हणाले. "अर्ज मी पुन्हा लावतो."

"विकले गेले. दलालाने स्वतःचेही थोडे पैसे उसने घातले होते. भाव पडला तसे तो आणखी पैसे मागायला लागला. माझ्याकडे कुठले? त्याने शेअर विकून स्वतःचे वळते करून घेतले. मला मेसेज आला. भाषा इतकी अदबीची होती, की चांगली बातमी आहे असंच वाटलं."

"म्हणजे शेअर गेले, हप्ता राहिला."

"अजून तीन वर्षं."

मास्तरांनी टेप गळ्यात टाकत विचारलं, "जरासं सैल नाही करता यायचं, साहेब?"

"उसवायला आत कापड लागतं, मास्तर. तुम्ही शिवणीपर्यंत कापून बसलात." साहेबांनी सवयीने पट्टा आवळला. "पँट शुक्रवारी मिळेल ना?"

"मिळेल."

त्या दिवसापासून बायको त्यांच्याशी बटणांपुरतंच बोलू लागली.

महिना संपला आणि खोल्या दुसऱ्यांनी स्वतः राहायला घेतल्या; मास्तरांना आठ दिवसांत निघायचं होतं. नव्या मालकीणबाई स्वभावाने चांगल्या होत्या. कापडाचा तागा घेऊन त्या स्वतःच आल्या. "पडदे तुम्हीच शिवा, मास्तर. तुम्हालाही जवळ पडेल."

खिडकीचं माप मास्तरांना पाठ होतं. तरी ते स्टुलावर चढले. टेपचं खालचं टोक बायकोने धरलं.

"खाली माया किती ठेवू, ताई?"

"ठेवा भरपूर. धुतल्यावर कापड आटतं. आणि आम्ही आता कायमचे इथेच."

"चार इंच धरा," बायको म्हणाली.

मास्तरांनी आकडा खडूने कापडावर लिहिला आणि वरून टेप सोडली. ती सळसळत खाली आली. खालचं टोक मात्र बायकोच्या अंगठ्याखाली, फरशीवर तसंच दाबलेलं राहिलं.